शुभदाचा घाट

पूर्वीने मटारच्या टरफलांचा ढीग कोपराने बाजूला सारला आणि मोकळ्या झालेल्या जागेत लॅपटॉप उघडला.

"आई, हे बघ. आधी नारकंडा, मग जलोडीच्या खिंडीवरून खाली तीर्थन नदीच्या काठाला. पूर्ण हफ्ता, यार! ना ऑफिस, ना मीटिंग."

शुभदाने चष्म्यावरून पाहिलं. देवदारांचा उतार, वर बर्फ आणि मधून गेलेला एक अरुंद रस्ता.

"सुंदर आहे," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

"ते मलाही दिसतंय. तुला काय हवं? एक तरी गोष्ट तुझ्या पसंतीची सांग ना."

पूर्वीचे बाबा, राघव, जाऊन हा दुसरा हिवाळा. तेव्हापासून शुभदाने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. भाजी काय करू, तर तुला आवडेल ती. कुठे जाऊ या, तर तू म्हणशील तिथे. या गोड उत्तरांनी पूर्वी मेटाकुटीला आली होती. आई अशीच हळूहळू विझत जाईल, ही भीती तिला नोएडाच्या ऑफिसातही सोडत नसे. एप्रिलमधली सहल तिने ठरवली ती त्याच भीतीपोटी. एरवी डोंगरात जायला मित्रमैत्रिणी काय कमी होत्या?

शुभदाचा अंगठा शेंगेत तसाच राहिला.

"मला घाट हवा," ती म्हणाली. "चांगला मोठा. बाबा गेल्यापासून मनात आहे माझ्या."

पूर्वीने लॅपटॉप हळूच मिटला. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये जन्म काढलेल्या मुलीला घाट म्हटलं की पायऱ्या दिसतात, पाणी दिसतं आणि पाण्यावर सोडलेले दिवे. बाबांच्या अस्थी घेऊन ती काकांबरोबर गंगेवर गढमुक्तेश्वरला गेली होती. धुकं होतं, थंडी होती, म्हणून काकांनी परस्पर ठरवून टाकलं, वहिनींना कशाला त्रास. वहिनींना कुणी विचारलंच नाही. पूर्वीनेही नाही. आता तिला स्वतःची लाज वाटली.

पुढचे काही दिवस ती कामाला लागली. तीर्थनच्या होमस्टेवाल्याला तिने फोन करून सॉरी म्हटलं. "कोई बात नहीं, बेटा, पहाड़ कहीं भागे नहीं जा रहे," तो म्हणाला. डोंगर सोडताना तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण आईने इतक्या दिवसांनी तोंड उघडून काही मागितलं होतं, त्यापुढे डोंगरांचं काय एवढं.

शनिवारी सकाळी तिने आईसमोर नवा बेत मांडला. हरिद्वार, मग ऋषिकेश, रोज संध्याकाळी आरती. हॉटेल थेट गंगेवर.

शुभदाने सगळं ऐकून घेतलं.

"आणि रस्ता?" तिने विचारलं.

"एकदम सपाट! हायवे आहे. वळण नाही, काही नाही. तू आरामात झोप गाडीत."

"सपाट," शुभदा म्हणाली. तिने लेकीच्या उत्साहाने फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं. छान आहे."

त्यानंतर ती आणखीच गप्प झाली. पूर्वीला वाटलं, बाबांच्या आठवणी वर आल्या असतील. आपण बरोबर केलं, असं तिने मनाशी म्हटलं आणि आईच्या आवडीचा ढोकळा घेऊन आली. तोही दोन दिवस फ्रिजमध्ये पडून होता.

पुढच्या रविवारी पुण्याहून विजयामावशीचा फोन आला. शुभदाचे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवलेला. पूर्वी चहा घ्यायला आली तेव्हा मावशी विचारत होती,

"मग ताई, मिळतोय ना घाट?"

"नाही गं. पूर्वीला गंगेवर जायचंय. बापाची आठवण येते पोरीला, बोलत नाही इतकंच. जाऊ दे, माझं काय."

"मला?" पूर्वी दारातूनच ओरडली. "मला कुठे जायचंय गंगेवर? मी तुझ्यासाठी जातेय! तूच म्हणालीस ना, घाट हवा?"

"अगं, म्हणून गंगेवर?"

"मग घाट अजून कुठे असतो?"

फोनमधून मावशीचं हसू फुटलं.

"अगं वेडे, घाट म्हणजे डोंगरातून चढत जाणारा वळणावळणाचा रस्ता! खंडाळ्याचा घाट, ताम्हिणीचा घाट! आई चढ मागतेय आणि तू तिला पायऱ्या दाखवतेस. वा गं दिल्लीवाली! तिने घाट मागितला आणि तू भलताच घाट घातलास!"

"त्याला पहाडी रास्ता म्हणतात," पूर्वी पुटपुटली.

शुभदा हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. मनगटाने ते पुसताना चष्म्याला पीठ लागलं. हे हसू पूर्वीने किती तरी दिवसांत ऐकलं नव्हतं. तिला ते इतकं हवं होतं की चहा घ्यायचा राहूनच गेला.

तिकडे मावशीच्या दाराची बेल वाजली आणि तिने फोन ठेवला. पूर्वीने आईचा चष्मा काढून ओढणीला पुसला.

"पण मग बाबा गेल्यापासून मनात आहे, म्हणालीस ते?"

शुभदाने कणकेवर हात फिरवला.

"तुझे बाबा मला घाटात गाडी चालवू द्यायचे नाहीत."

"म्हणजे?"

"मसुरीला जाताना डेहराडूनपर्यंत मी. नैनितालला काठगोदामपर्यंत मी. पायथ्याला चहा प्यायचा आणि हे किल्ली मागायचे. मी द्यायची. भांडण नाही, काही नाही. काळजीच होती त्यांना." ती थोडी थांबली. "रोज आठवण येते गं त्यांची. जेवायला बसलं की जास्तच. पण आता किल्ली माझ्याकडे आहे, हेही मनात येतंच."

दिल्लीच्या गर्दीतून आयुष्यभर शाळेत शिकवायला गाडी नेणारी, ट्रकवाल्यांना हॉर्नने धारेवर धरणारी आपली आई डोंगर आला की बाजूच्या सीटवर असायची, हे पूर्वीने मागे बसून लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात काही वावगं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने तिथेच उभ्याने होमस्टेवाल्याला फोन लावला. खोल्या अजून रिकाम्या होत्या. लॅपटॉप ओट्यापाशी आला, हरिद्वार गेलं, नारकंडा परत आलं. पूर्वीच्या अंगात वारं शिरलं होतं.

"अच्छा, असं करू. निघताना तू चालव. मस्त हायवे आहे, कालकापर्यंत तूच. पुढे मात्र चढ सुरू होतो, आणि जलोडी तर इतकी खडी आहे ना आई, पहिल्या गिअरवर चढवावी लागते. तिथून पुढे मी—"

शुभदाचा कणकेचा हात, किल्ली देताना येतो तसा, थोडा पुढे आला आणि पुन्हा परातीत गेला.

पूर्वीचं वाक्य तिथेच अडलं. कान गरम झाले.

"मग वर मी काय करू?" तिने हळूच विचारलं.

शुभदाने कणकेचा गोळा उचलून डब्यात टाकला.

"तू खिडकीतून डोंगर बघ," ती म्हणाली. "छान दिसतात. माझे बघून झालेत."