ड्यूईची चाल

मी एक जुना बँजो आहे, मित्रांनो. आज माझं अंग चकचकीत आहे, पाचही तारा नव्या आहेत आणि मखमली पेटीत मी झोपतो. माझी हेळसांड झाली असं कोणी म्हणणार नाही. तरीही ऐका.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात एन्सर स्टॅम्परने मला घडवलं. दांडी अक्रोडाच्या लाकडाची. तोंडावर ताणलेलं कातडं त्याच्या मक्याच्या शेतात बिळं करणाऱ्या एका जनावराचं. "मका खाल्लास, आता गा!" म्हणत त्याने ते ठोकलं होतं. लग्न असो, घेवड्याच्या शेंगा सोलायचं काम असो, मी तिथे हजर. लोक नाचून नाचून जमीन उखडत.

मग त्याचा थोरला मुलगा ड्यूई लाकूडतोडीच्या छावणीत ओंडक्याखाली सापडून मेला. एन्सर रडला नाही. त्याने माझ्या तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या आणि एक संथ चाल वाजवली. तिला शब्द नव्हते. मध्येच ती थांबायची, जणू कोणी दारात आलंय का पाहायला. धाकट्या मुलीने, वर्डीने, ती बापाच्या पायाशी बसून उचलली.

एन्सर गेला, रेडिओ आला. वर्डीचा नवरा म्हणायचा, "बंद कर ते रडगाणं! शेजारी हसतात." तिने मला चुलीमागच्या खुंटीला टांगलं. माझं कातडं सैल पडलं, तारा गंजल्या. नवरा गेला, मुलं शहरात पांगली. मला खाली काढायचं तिलाही सुचलं नाही.

आणि एक दिवस कॉलिन आला. तो आणि त्याचे साथीदार, शहरातली चार पोरं, जुन्या गाण्यांचा ताफा काढलेली. जुन्या गिरणी कामगारांसारखे विजारीला खांद्यावरून पट्टे लावलेली, पण हात मऊ. पोरं मात्र गुणी होती. त्यांनी तिची लाकडं फोडली, मक्याची भाकरी मिटक्या मारत खाल्ली, मला दुरुस्त केलं. वर्डीची बोटं वाकडी झाली होती, तरी तिने ती चाल शिकवली.

"सावकाश हं, पोरा. ही ड्यूईची चाल. माझा भाऊ आहे त्यात."

"हो, मिस वर्डी." आमच्या डोंगरात थोर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात.

तिने मलाही त्याच्या हाती दिलं.

पुढे जत्रेच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम झाला. वर्डी चर्चला जायचा झगा घालून पहिल्या रांगेत बसली. कॉलिन म्हणाला, "आता डोंगरातली एक अनामिक नाचाची चाल!" आणि त्याने मला असं बडवलं की मैदान पायांनी दणाणलं. थांबायच्या जागा त्याने भरून टाकल्या होत्या. वर्डी एकटी बसून राहिली.

नंतर ती मंचामागे आली.

"अनामिक? नाव सांगितलं होतं ना तुला?"

"अहो, भाऊ मेला म्हटल्यावर नाचेल कोण? पण बघा ना, चाल जिवंत झाली!"

"ड्यूई नाही झाला."

तिने मला मांडीवर घेतलं आणि वाजवलं, अडखळत, संथ. पलीकडे आपल्या वाद्याच्या तारा पुसणारी ताफ्यातली मुलगी हळूच म्हणाली, "बिचारीला आता ताल सांभाळवत नाही."

वर्डीने ऐकलं. "माझा बँजो दे परत, बाळा."

"उद्या दुसऱ्या गावी कार्यक्रम आहे, मिस वर्डी. हा दौरा संपू दे, मी स्वतः आणून देतो."

तो खोटारडा नव्हता. फक्त एका दौऱ्याला दुसरा लागत गेला. थंडीत वर्डी वारली. कॉलिन खरंच रडला. त्या संध्याकाळी तिच्या स्मरणार्थ त्याने तीच चाल वाजवली, आणखी जलद, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसूनबिसून ठेवता, छान करता. पण एखाद्याचं गाणं घेऊन जाल तेव्हा त्यातलं माणूसही सोबत न्या. तेवढं ओझं नको असेल तर मला खुंटीवरच राहू द्या. तिथे मी गंजत होतो, पण मला मेलेल्या पोरावर कोणी नाचवत नव्हतं.