एका बोटाचं स्टीअरिंग

गाडी दीसाच्या मागोमाग फिरायची. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा सिग्ने आणि तोर्केलने भांडीकुंडी, पुस्तकं, पडदे सगळं वाटून घेतलं. गाडी मात्र एकच होती, आणि मुलीची खुर्ची तिच्यात घट्ट बसवलेली होती. म्हणून मुलगी जिकडे, गाडी तिकडे, असं ठरून गेलं. दर शुक्रवारी तोर्केल स्वीडनमधल्या हेर्नेसांड गावातल्या सिग्नेच्या इमारतीखाली यायचा. एका शुक्रवारी गाडी आणि मुलगी सोपवून बसने परत जायचा, पुढच्या शुक्रवारी बसने येऊन दोघींना घेऊन जायचा. दोघींना म्हणजे दीसाला आणि गाडीला.

ज्या आठवड्यात दीसा नसे, त्या आठवड्यात खिडकीखालची जागाही रिकामी असे. थंडीत इंजिन गरम ठेवायच्या विजेच्या खांबावरून वायर नुसतीच लोंबकळत राही. सिग्ने भांडी घासताना तिच्याकडे बघायची नाही असं ठरवायची, आणि बघायचीच.

गाडीत एक छोटं बटण होतं. दाबलं की हिरवा दिवा लागे आणि स्टीअरिंग लोण्यासारखं हलकं होई. पुन्हा दाबलं की दिवा विझे, स्टीअरिंग जड. सिग्नेला हलकं लागे, तोर्केलला जड. एकत्र होते तेव्हा यावरून त्यांची रोज जुंपायची.

"रस्ता हातात यायला हवा गं," तो म्हणायचा. "बर्फावर चाकं सुटायला लागली की स्टीअरिंग आधी सांगतं. तू त्याचं तोंडच बांधून ठेवतेस."

"दिवसभर बेकरीत पिठाच्या गोळ्यांशी कुस्ती खेळते मी. संध्याकाळी गाडीशीही खेळू?"

"मग काय, एका बोटाने संसार हाकायचा?"

"तू दोन्ही हातांनी आवळून हाकतोयस, तो तरी कुठे पुढे सरकतोय!"

आणि दोघंही हसायची. खरं सांगायचं तर हसण्यासारखं तेवढंच उरलं होतं. बाकी घरात भांडण नव्हतं, आवाज नव्हता, काही म्हणजे काहीच नव्हतं. माणसं भांडून वेगळी होतात. ही दोघं गप्प बसून बसून झाली.

बटणाचं भांडण मात्र वाटणीत कुणाच्याच वाट्याला गेलं नाही, ते गाडीतच राहिलं. दर वेळी गाडी आली की सिग्नेला स्टीअरिंग जड मिळे, ती बटण दाबे. गाडी परत गेली की तोर्केल ते जड करत असणार. कुणी त्याबद्दल बोलत नसे. पण दिवा विझलेला दिसला की सिग्नेला वाटे, चला, निदान एवढ्यावरून तरी आपण अजून भांडतोय.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती दीसाला गरम पाण्याच्या तलावात पोहायला घेऊन निघाली. जागेवरून गाडी काढताना सवयीने तिने जोर लावला, तर स्टीअरिंग गर्रकन फिरलं आणि गाडीचं नाक बर्फाच्या ढिगात घुसलं.

"आई!" मागून दीसा ओरडली. "झोपलीस का?"

हिरवा दिवा लागलेला होता.

पहिला विचार आला तो चांगला नव्हता. दुसरी कुणी चालवते की काय? पण सीट नेहमीसारखीच पार मागे सरकवलेली होती, तोर्केलच्या लांबलचक पायांसाठी. तिने ती आत्ताच पुढे ओढून घेतली होती. तरीही आरशात न बघता तिने विचारलंच. "बाबाकडे असताना गाडी कोण चालवतं गं?"

"बाबा. दुसरं कोण चालवणार?" पाच वर्षांच्या दीसाने मोठ्या बाईसारखा सुस्कारा सोडला. "हल्ली हळू चालवतो. आजोबासारखा."

म्हणजे त्यानेच. त्यानेच गाडी सोडण्याआधी आठवणीने बटण दाबून ठेवलं होतं. तिच्यासाठी. पोहण्याच्या तलावापर्यंतचा सगळा रस्ता सिग्नेने एका बोटाने कापला.

सोमवारी बेकरीत वेलदोड्याच्या बनांना पीळ घालता घालता तिने गुनवोरला सांगितलं. गुनवोर निवृत्तीला टेकलेली. तिने दोन नवऱ्यांना पोचवलं होतं आणि तिसऱ्याला घराबाहेर काढलं होतं.

"बटण दाबलं," गुनवोर म्हणाली. "गुडघे टेकून फूल नाही ना दिलं?"

"तू त्याला ओळखत नाहीस. तो हलक्या स्टीअरिंगला हात लावणार नाही. त्याच्यासाठी हे खूप आहे."

"पोरी, भूक लागली की माणसाला धुरातही भाकरी दिसते." मग सिग्नेचा चेहरा पाहून ती थोडी नरमली. "बरं, दाबलं तर दाबलं. आता तू काय करणार?"

काय करायचं ते सिग्नेने कधीच ठरवलं होतं.

शुक्रवारी तोर्केल यायच्या आधी ती खाली गेली. काचांवरचं बर्फ खरवडलं, खुर्चीवरचा बिस्किटांचा चुरा झाडला, आणि शेवटी बटण दाबून दिवा विझवला. स्टीअरिंग जड. त्याला आवडतं तसं. या एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याच्यासाठी ते जड केलं होतं. हात लावून बघितलं तेव्हा ते इतकं हट्टी लागलं की तिला हसूच आलं. जणू तोर्केलचाच दंड धरला होता.

तो आला, दीसाची पिशवी डाव्या खांद्यावर घेतली, "कशी आहेस?" म्हणाला. ती "बरी" म्हणाली. दीसाने तिचा गालगुच्चा घेतला. सिग्ने धावत जिना चढून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली. आता तो गाडी सुरू करेल, स्टीअरिंग फिरवेल, थबकेल आणि वर बघेल. बघितलं तर हात हलवायचा की नुसतं हसायचं, तेवढं तिचं ठरायचं होतं.

त्याने गाडी सुरू केली. स्टीअरिंग फिरवलं आणि थबकला. पण वर बघितलं नाही. त्याने कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. मग उजवा हात मांडीवर तसाच पडू देऊन डाव्या हाताने फिरवायचा प्रयत्न केला, दोनदा. बर्फावर थांबलेल्या गाडीचं चाक एका हाताला काय दाद देणार! शेवटी डावा हातच वाकडा करून त्याने बटण चाचपून दाबलं.

सिग्नेचा हात काचेवर तसाच राहिला. हलकं स्टीअरिंग तिच्यासाठी नव्हतंच. ते त्याचं त्याच्यासाठी होतं.

खाली जावं का? जाऊन विचारावं तर कोणत्या नात्याने? बायको म्हणून हक्काने रागावता आलं असतं, शेजारीण म्हणून सहज चौकशी करता आली असती. तिला यातलं काहीच करता येत नव्हतं. पण विचार संपायच्या आत तिचे पाय जिन्यावर होते, आणि अंगात कोटही नव्हता.

तिने काचेवर टकटक केली. त्याने काच खाली घेतली.

"काय विसरलं?"

"खांद्याला काय झालंय?"

"कुठे काय."

"तोर्केल."

समोरच बघत तो म्हणाला, "छपरावरचं बर्फ काढत होतो. घसरलो."

"बाबा धबकन पडला," मागून दीसा म्हणाली. "मी नव्हते तेव्हा. मला दाखवलं कसा पडला ते."

"कधी?"

"नाताळ झाल्यावर."

"एकटाच चढलास? खाली कुणी होतं?"

"होती ना. एक खार." तो हसला, पण खांदा हलला तसं ते हसू अर्ध्यातच राहिलं. "पडून राहिलो थोडा वेळ. मग उठलो."

"मला सांगायचं नाही?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, खरोखरच उत्तर माहीत नसल्यासारखं. "काय म्हणून सांगणार होतो, सिग्ने?"

थंडीने तिचे दात वाजायला लागले होते. "स्टीअरिंग मी जड केलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला आवडतं."

"आवडतंच," तो म्हणाला. "जा वर, गारठशील."

मुलगी आणि गाडी गेली. त्या संध्याकाळी सिग्नेने टाकोचं पाकीट फोडलं. दीसा असली की शुक्रवारी टाको ठरलेलेच. मग एकटीसाठी एवढं कोण करणार म्हणून पाव खाल्ला.

पुढचे सगळे शुक्रवार मात्र वेगळे गेले. सिग्ने बटणाला हात लावत नसे, तोही लावत नसे. गाडी हलकीच यायची, हलकीच जायची. आणि किल्ली देताघेताना विचारायला तिच्याकडे एक प्रश्न होता. "हात?"

"छातीपर्यंत वर जातो."

मग, "खांद्यापर्यंत."

मग एकदा, "कानापर्यंत. पण खाजवता येत नाही."

"मग कान धुवून ठेव."

एवढंच बोलणं. पण त्या बोलण्यासाठी ती मंगळवारपासून शुक्रवारची वाट बघायला लागली होती. हे तिने गुनवोरला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये खाडीवरचं बर्फ फुटलं. तोर्केलने त्या शुक्रवारी किल्ली दिली, ती शेजाऱ्याच्या खिडकीतल्या मांजराकडे बघता बघता. तो नेहमीपेक्षा घाईत होता, बस सुटत होती. "हात?" हा शब्द तिच्या ओठांवर आला तोवर तो रस्त्यापलीकडे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी सुरू केली आणि हाताला स्टीअरिंग जड लागलं. दिवा विझलेला होता.

बरा झाला तर. तिला आनंद झाला, अगदी खरा. तो बर्फात पडलेला असताना एक खार सोडून कुणी नव्हतं, हे चित्र इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. आता हललं. आणि त्याच वेळी कळलं की पुढच्या शुक्रवारी विचारायला काही उरलं नाही.

तिचं बोट बटणाकडे गेलं. मग तिने ते मागे घेतलं आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं.

घसरू नये म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली बारीक खडी अजून झाडली नव्हती. चाकांखाली ती करकरत होती, आणि तिचा प्रत्येक खडा सिग्नेच्या तळव्यांत उमटत होता. हे तिला कधी ठाऊकच नव्हतं.

"आई, दोन्ही हातांनी का धरलंयस?" दीसाने विचारलं.

"रस्ता काय म्हणतो ते ऐकतेय."

"बाबापण ऐकतो," दीसा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवायला लागली.