दानातला प्लॉट

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं विजयशेठबद्दल सारं पांढुर्णा पाठीमागे म्हणायचं. तोंडावर मात्र 'दानशूर'. सौसर रोडवर शेतांचे प्लॉट पाडून लेआउटमागून लेआउट विकून झाल्यावर त्याने पाणपोया बांधल्या, चष्मे वाटले आणि मजुरांच्या लेकरांसाठी आईच्या नावाने 'जयवंताबाई बालवाडी' उभी केली. प्लॉटही त्याचाच. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो!

मोजले असते तर कळलं असतं. त्या प्लॉटखाली जुनी विहीर होती. लेआउट टाकताना त्यानेच ती माती-विटांनी बुजवली होती. विकायची हिंमत झाली नाही, म्हणून दान दिला. एकमजली तर आहे, लेकरांचं वजन ते किती, असं त्याने स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

यंदा पोळ्याच्या आधी पावसाची झड लागली ती सुटेना. त्या सकाळी तो खाऊ घेऊन बालवाडीत गेला, तर फरशी मधोमध खोलगट झालेली. पोरं कडेने चेंडू सोडत होती आणि तो घरंगळत मधे जाऊन थांबला की टाळ्या पिटत होती. विजयशेठने खाऊ तसाच खाली ठेवला.

"यमुनाबाई, लेकरं बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता!"

यमुना बालवाडी सांभाळायची. "काहून जी?"

"जमीन खचून राहिली."

यमुना हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "शेठ, आमच्या झोपड्या उठवल्या तवाबी तुमी हेच म्हटलं होतं. जमीन खचते, लेकरं मरतील. आमी भेऊन पळालो, मंग तिथं तुमचा लेआउट पडला. आता पांढुर्णा जिल्हा झाला, भाव वाढले, तं पुन्हा जमीन खचून राहिली का?"

"आईची शपथ, यमुनाबाई!"

"मंग सांगा न, कशानं खचते?"

विहीर हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. तो उच्चारला की दानशूर संपला, आणि आईच्या नावाचीही माती. त्याने शब्द गिळला. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण झालं ते असंच. यमुनेने दार लावून घेतलं.

गाडीत बसून तो ढसाढसा रडला. खरं सांगवत नव्हतं आणि गप्प बसवत नव्हतं. आत टाळ्या चालूच होत्या. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या एका गोष्टीवर ही माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतील.

त्याने फोन लावला आणि थोड्याच वेळात त्याचा जेसीबीवाला अंकुर मशीन घेऊन फाटकाशी आला. शेठ ओरडला, "मले माहा प्लॉट वापस पाहिजे! गिऱ्हाईक भेटलं! निघा सारे!"

यावर कोणी पुरावा मागितला नाही. यमुना लेकरं घेऊन तरातरा बाहेर आली, वस्तीतल्या बाया धावल्या. चोट्टा, बेइमान, तोंडात येईल ते. कुणी चिखल फेकला, तो थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसला. त्याचं लक्ष नुसतं दाराकडे होतं.

"आत कोणी राहिलं का?"

"सारे बाहेर हायेत!" यमुना ओरडली. "आता घाल आमच्या अंगावर तुही मशीन!"

बाया फाटक अडवून बसल्या. शेठने खूण केली तसा अंकुर मागच्या बाजूला गेला आणि त्याने भिंतीला बकेट लावलं. भिंत पडायच्या आधी फरशीच गेली. चटया, खेळणी, फळा, सगळं खाली. राहिलं ते काळ्या दगडाचं बांधीव गोल तोंड आणि खोल आत पाणी.

फाटक अडवून बसलेल्या बाया उठल्या. एका म्हातारीने रडत रडत शेठपुढे हात जोडले. "देवावानी आले जी तुमी."

यमुना त्या गोल काठाकडे पाहत राहिली. मग कडेवरचं लेकरू घट्ट धरत तिने विचारलं, "शेठ, देतानाच तुमाले मालूम होतं न?"

"हो," विजयशेठ म्हणाला.

म्हातारीने जोडलेले हात खाली घेतले.