बर्फगाडीचा धूर

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. हॉकी खेळताना पोरांच्या बुटांच्या पात्यांनी बर्फ खरवडला गेला, की तो तासायचा, वर गरम पाणी सोडायचं आणि पुन्हा आरशासारखा करायचा, हे माझं काम. मिशिगनच्या उत्तरेला, तांब्याच्या खाणी बंद पडलेल्या एका गावातल्या कॉलेजच्या बंदिस्त बर्फाच्या मैदानात मी एकतीस वर्षं राबले. तोइवो हारयू हा माझा चालक. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच.

सुरुवातीला शनिवारी सामन्यासाठी गावातली दुकानं लवकर बंद होत. म्हाताऱ्या बायका घोंगड्या आणि मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी घेऊन लाकडी बाकांवर जागा धरत. आमच्या पोरांनी अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा चषक माझ्यावर ठेवून त्यांनी मला तीन फेऱ्या मारायला लावल्या. लोक उभे राहून ओरडत होते. मला वाटलं, माझ्यासाठीच.

मग गाव ओसरत गेलं. विद्यार्थी घटले, संघ हरू लागला. छपरातला, धूर बाहेर टाकणारा पंखा एकदा बंद पडला तो पडलाच. माझं इंजिनही खोकू लागलं.

"वेन्डेल, हिला उघडून बघायला हवं," तोइवो प्रशिक्षक कोर्पींना म्हणाला. "रोज माझं डोकं चढतं."

"तुझं वय चढलंय, म्हाताऱ्या!" कोर्पी हसले. मग हळूच म्हणाले, "कॉलेज संघ मोडायला टपलंय. आत्ता काही मागितलं तर आयतं निमित्त मिळेल त्यांना. एवढा मोसम जाऊ दे."

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. दारं घट्ट लावली गेली. एका दुपारी सरावात गोलरक्षक एमेट रास्कू दोनदा गुडघ्यांवर बसला.

"सर, डोकं फुटतंय."

"काल जास्त झाली वाटतं!" कोर्पी म्हणाले.

पोरं खिदळली. एमेटही हसला आणि उठून उभा राहिला.

मध्यंतरात तोइवोनं मला बर्फावर आणलं. एमेट कठड्याआडच्या बाकावर बसला होता. त्याच्या जवळून मी दोनदा गेले. माझ्या धुरातला विषारी वायू दिसत नव्हता, त्याला वासही नव्हता. तिसऱ्या फेरीला तो बाकावरून खाली कोसळलेला दिसला.

"दारं उघडा! सगळी दारं उघडा!" तोइवोनं धावत्या गाडीतून उडी टाकली.

नऊ पोरांना इस्पितळात नेलं. आठ बरी झाली. एमेट जगला, पण सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नाही.

चौकशी माझ्या शेजारीच उभं राहून झाली. कोर्पींनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. अधिकारी तोइवोला म्हणाला, "तुम्ही तर आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी किल्ली मीच फिरवली."

त्याच महिन्यात संघ मोडला. मी मैदानामागे गंजत पडले. कधीमधी तोइवो एमेटला इथवर फिरवत आणतो. एमेट माझ्या पत्र्यावरून हात फिरवतो आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखा विचारतो, "मस्त गाडी आहे. चालते?"

"नाही रे, बाळा," तोइवो म्हणतो. "आता नाही चालत."

मित्रांनो, एकतीस वर्षांत मी एकदाही बंद पडले नाही, म्हणून सगळे माझं कौतुक करत. त्या दुपारी मी बंद पडायला हवं होतं. मला थांबता येत नव्हतं, तुम्हाला येतं. यंत्र खोकू लागलं, तर त्याला उघडून बघा. आणि डोकं दुखतंय असं कुणी म्हणालं, तर हसू नका. आधी यंत्र बंद करा.