माळावर पडणारं विमान

अहमदपूरजवळच्या आमच्या माळावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काळा धोंडा, त्याला चिकटलेले खिळे आणि शेजारी बिनतारी माइक घेऊन उभे गगनबंद महाराज.

"ह्या धोंड्याच्या हद्दीत पाखरूबी इचारून उडतंय!" महाराज गरजले. तेवढ्यात डोक्यावरून चार बगळे न विचारताच निघून गेले. वर बघतोय कोण!

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. महाराजांचं नाव मोठं करण्यात माझाही हात आहे, ते आधीच कबूल करून टाकतो. बारावी झालेली आमची विद्यार्थिनी सुकन्या रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान बनवते. ते ह्या माळावर दोनदा पडलं. लोकांनी विचारलं, "सर, काय भानगड हाय?" मी ऐटीत सांगून मोकळा झालो, "धोंड्यात चुंबक आहे. चुंबकानं रेडिओ बिघडतो." झालं! महाराज म्हणाले, "बघा, सायन्सनंबी मान्य केलं."

आज तिसरी खेप. महाराजांनी सुकन्याच्या वडलांना, वैजनाथला, बजावलं होतं: विमान पुन्हा पडलं तर पोरीत दोष आहे, तिला गावाबाहेर धाडायचं नाही. बुधवारी तिला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्यायचा होता. आणि ह्या भल्या बापानं धोंड्यासमोर शब्द देऊन ठेवला होता!

आमच्याकडे ट्रॅक्टर येवो की सायकल, आधी पूजा. विमानाचीही दोन्ही वेळा झालीच. हळदकुंकू, नारळ आणि महाराजांचं 'रक्षायंत्र', म्हणजे विमानाच्या पोटाभोवती गुंडाळलेला तांब्याचा पत्रा, वरून काळा दोरा. आजही महाराज पत्रा घेऊन पुढे झाले.

"थांबा," सुकन्या म्हणाली. "सर, तुमी म्हणलाव चुंबकानं पडतंय. हे बघा." तिनं विमानाचं झाकण उचललं. ते दोन छोट्या चुंबकांवर बसत होतं, आणि रिमोटचा हुकूम ऐकणारी डबी, रिसीव्हर, त्यांच्यापासून बोटभर लांब. "पहिल्या दिवसापासून हायती ही. शाळेच्या ग्राउंडवर तीसदा उडवलं, एकदाबी पडलं न्हाई."

माझं तोंड उतरलं. "मग माळावर वेगळं काय?"

"पत्रा. आज मी पत्र्याबिगर उडवणार हाय."

"सुकन्ये, देवाशी खेळ नको गं!" वैजनाथ ओरडला. तोवर विमान हातातून सुटलं होतं. वर, आणखी वर, बरोब्बर धोंड्याच्या डोक्यावर. इथंच दोनदा मोटर बंद पडली होती. विमान वळलं, गुणगुणत परत आलं आणि तिच्या पायाशी उतरलं.

पण महाराज काय कच्चे होते! "पोरीची भक्ती पाहून देव पावला!" टाळ्यांचा कडकडाट. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं बाहीनं पुसलं आणि हात जोडले.

"म्हाराज, तुमच्या माइकलाबी रक्षायंत्र बांधू द्या."

"बांधा, बांधा!" लोक म्हणाले. आता नाही कसं म्हणणार? सुकन्यानं माइकच्या खालच्या, एरियलच्या अंगाला महाराजांचाच पत्रा घट्ट गुंडाळला. महाराजांनी तोंड उघडलं. लांब पिंपळावरचा भोंगा खरखरला आणि गप्प. महाराजांचे ओठ तेवढे हलत होते. तिनं पत्रा सोडला, तसा भोंगा कडाडला, "काढ गं ते, कार्टे!"

माळ हसून लोटपोट.

"रेडिओची लहर तांब्यातनं जात न्हाई," सुकन्या म्हणाली. "जवळ असलं की फटीतनं थोडी पोचती. लांब गेलं की हुकूम तुटतो, अन मोटर आपोआप थांबती."

"अन म्हाराज दीक्षेआधी लातुरात मोबाईल दुरुस्त करायचे की!" गर्दीतून बसवंत ओरडला. महाराज चपला शोधू लागले.

धोंड्यात चुंबक आहे, ते खरंच. पण त्यानं विमान पडतं हे माझं विज्ञान नव्हे, माझी अंधश्रद्धा होती. बाबांनो, महाराज सांगो की मास्तर, आधी ताडून बघा. मी तर पोरीचं शिक्षण बुडवायला निघालो होतो. लाज वाटते.

वैजनाथ धोंड्याकडे पाठ करून माझ्याजवळ आला. "सर, बुधवारी विष्णुपुरीला जायाला यष्टी किती वाजता हाय?"

सवयीनं "सात वाजता" असं तोंडात आलंच होतं. ते गिळलं.

"स्टँडवर जाऊन बघतो," मी म्हणालो, "मग सांगतो."