कंपनीची की बाहेरची

थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी घरात धाकटीला अजून धाकटीच म्हणायचे. ती एका लॅबमध्ये कामाला होती. गावभरच्या लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, थंड पेटीत ठेवायचे आणि मोटारसायकलवरून लॅबमध्ये पोचवायचे, हे तिचं काम. दिवसातला बराचसा वेळ तिचं डोकं हेल्मेटमध्येच असायचं.

त्या हेल्मेटची काच तिनं स्वतःच्या हातानं खराब केली होती. धूळ बसली की कोरडा रुमाल फिरवायचा, ही सवय. दिवसा ओरखडे जाणवत नसत. संध्याकाळी मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला काटे फुटायचे. एकदा अशाच काट्यांच्या आड एक हातगाडी उभी होती. ती दिसली तेव्हा धाकटीनं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण हातगाडीवाला जे बोलायचं ते बोललाच. त्याचं काही चुकलं नाही, असं तिलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती नवी काच घ्यायला हेल्मेटच्या दुकानात गेली.

"कंपनीची देऊ की बाहेरची?" हेल्मेटवाल्यानं विचारलं.

"फरक काय?"

"कंपनीची दुपटीहून महाग."

"ते कळलं. आणखी?"

हेल्मेटवाला घुटमळला. बहुतेक गिऱ्हाइकं किंमत ऐकूनच गप्प होत असावीत. "कंपनीची ती कंपनीची, ताई," तो म्हणाला.

"म्हणजे बाहेरची डुप्लिकेट?"

"छे हो! डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावलेली. हिच्यावर हिचं स्वतःचं नाव आहे, बघा. वेगळ्या कारखान्यानं तुमच्या हेल्मेटला बसेल अशी बनवलीय."

"मग बसते का?"

"बसते... की," तो म्हणाला. मधल्या त्या थांबण्यानं धाकटीच्या मनात किडा वळवळला. एकाच हेल्मेटच्या दोन काचा, दिसायला जुळ्या बहिणी, आणि विकणाऱ्यालाही फरक सांगता येत नाही, हे काय गौडबंगाल? तिचा चेहरा पाहून हेल्मेटवाला म्हणाला, "दोन्ही घरी न्या. बघा, आणि नको ती परत आणा. वरची फिल्म तेवढी काढू नका. फिल्म निघाली की काच तुमची."

घरी आल्यावर तिनं दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या आणि ती हात धुवायला गेली. तिथंच चुकलं.

तिचे बाबा मोटारींच्या पुढच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथं सगळे त्यांना गरुड म्हणत. निवृत्त झाल्यापासून गरुडाला काम नव्हतं. इतर माणसं खिडकीतून बाहेर बघतात, बाबा खिडकीची काच बघत बसायचे. अशा माणसासमोर दोन नव्याकोऱ्या काचा ठेवून जाणं म्हणजे मांजरासमोर दूध ठेवण्यासारखंच. धाकटी परत आली, तेव्हा दोन्ही फिल्म कांद्याच्या सालीसारख्या गुंडाळून टेबलावर पडल्या होत्या.

"बाबा! फिल्म काढायची नव्हती!"

"चष्म्यावर कागद चिकटवून कुणी नंबर तपासतं का?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी असा खणखणीत लागला होता. "तुझ्या आईची ती पट्ट्यापट्ट्यांची चादर कुठंय?"

चादर गच्चीवर दोरीवर वाळत होती. बाबांनी तिचे कोपरे ओढून चिमटे लावले. मग काच हातभर लांब धरून ते तिच्यातून निळ्यापांढऱ्या पट्ट्यांकडे बघू लागले.

"ये, इथं उभी राहा. काचेकडे बघू नकोस, रेघेकडे बघ. काच हळूहळू सरकव. रेघ हलली, तर काचेत खोट आहे."

धाकटीनं आधी बाहेरची काच धरली. रेघा शहाण्या पोरींसारख्या सरळ उभ्या. मग कंपनीची धरली. मधे सगळं ठीक, पण डाव्या टोकाला एक रेघ एकदम फुगली आणि पुन्हा सडपातळ झाली.

"अजगरानं उंदीर गिळल्यासारखी दिसतेय!"

"कुठं?" बाबांनी काच हिसकावलीच. त्यांनी बघितलं, काच फिरवून पुन्हा बघितलं. "अरेच्चा! हे तर उलटंच झालं की!"

आई कपडे काढायला वर आली होती. दोघांनी तिलाही बघायला लावलं. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "मला चादरीवरचा चहाचा डाग दिसतोय. कुणी पाडला?"

बाबांचा निकाल झाला. बाहेरचीच लावायची. "नाव कुणाचंही असो, जी सरळ दाखवते ती खरी."

धाकटीनं तीच लावली. गावातल्या गल्ल्यांमधून फिरताना तिला फार बरं वाटलं. दुकानांच्या पाट्या, सिग्नलचे दिवे, सगळं कसं धुऊन ठेवल्यासारखं. दुपारी मात्र तिला कालव्याच्या कडेच्या मोकळ्या रस्त्यानं लांबच्या एका दवाखान्यात जायचं होतं. गाडीनं वेग घेतला आणि कपाळाच्या वर बारीक शिटी वाजायला लागली. आधी तिला वाटलं, मागून कुणीतरी वाजवतंय. वेग कमी केला की शिटी बंद, वाढवला की सुरू. आरशात बघायला तिनं मान जराशी वळवली, तर काच आपणहून बोटभर वर उचलली गेली.

तिनं रात्री जेवताना हे सांगितलं.

"वाऱ्यात आवाज येणारच," बाबा म्हणाले. "शिटी वाजते म्हणून काच वाईट होत नाही."

"बाबा, तुमच्या कारखान्यातली काच गाडीला कायमची चिकटवायचे. ही दिवसातून शंभरदा उघडते आणि मिटते. नुसतं सरळ दिसून काय उपयोग? जागेवरही राहायला हवी ना?"

बाबांनी घास तसाच हातात धरला. हा विचार त्यांनी केलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला ती शिटी ऐकायचीय," ते म्हणाले.

आईनं हातातला डाव खाली ठेवला. धाकटीनं मोटारसायकल घेतली तेव्हा बाबांनी महिनाभर अबोला धरला होता आणि 'या यंत्रावर मी जन्मात बसणार नाही' असं सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं. आता तेच विचारत होते, "मागं बसल्यावर पाय कुठं ठेवायचे?"

सुटीच्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. धाकटीनं लॅबमधल्या एका मैत्रिणीचं हेल्मेट घातलं आणि आपलं बाबांना दिलं. कंपनीची काच टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली. पहिल्या वळणापर्यंत बाबांनी तिचे खांदे असे आवळले होते, की तिला हँडल वळवणं मुश्कील झालं.

"बाबा, मी पळून जात नाहीये!"

पकड सैल झाली. कालव्याचा रस्ता लागला, रहदारी संपली. धाकटीनं बेताचा वेग घेतला.

"काही ऐकू येत नाही!" बाबा मागून ओरडले.

"तुम्ही माझ्या आडोशाला आहात! मान थोडी बाहेर काढा!"

बाबांनी मान बाहेर काढली. मग धाकटीच्या पाठीवर धपाधप थापा पडल्या. घाबरून तिनं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून बघितलं. काच सताड वर उघडली होती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीला धूळ लागली होती, आणि ते हसत होते. एवढं हसताना तिनं त्यांना बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं.

"वाजली! आधी बारीक वाजली, मग सरळ टोपी उडाल्यासारखी वर! अगं, आत वारा शिरतो कुठून?"

कालव्याच्या कठड्यावर बसून दोघांनी काच उतरवली. हेल्मेटला वरच्या कडेला रबराची पट्टी होती. बाहेरची काच त्या पट्टीला मधे टेकायची, पण दोन्ही बाजूंना नखभर फट राहायची. शिवाय हेल्मेटच्या खाचेत अडकणारा तिचा दात झिजलेल्या किल्लीसारखा गुळगुळीत होता. कंपनीची लावली, तर ती 'टक' करून बसली. परतीच्या वाटेवर बाबा पुन्हा पुन्हा मान बाहेर काढत होते. शिटी नाही की काही नाही.

"आपण हिला जाडसर पट्टी चिकटवू," घरी आल्यावर बाबा बाहेरच्या काचेबद्दल म्हणाले. त्या सरळ रेघांवरचा त्यांचा जीव सुटत नव्हता.

"आणि दाताचं काय कराल? नाही बाबा. मी कंपनीची लावणार. तो अजगर डाव्या टोकाला आहे, समोर बघताना तिथं माझा डोळा जातच नाही. बाहेरची भर रस्त्यात उघडली तर समोरचं सगळंच जाईल."

बाबांनी बाहेरची काच बाजूला ठेवली. मग म्हणाले, "रस्त्यावर तू असतेस. तू म्हणशील ते." आणि लगेच पुढे, "पण तो अजगर तिथं आला कसा, हे त्या दुकानदाराला विचारलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं बाबांना दुकानाशी नेलं. तिनं हेल्मेटवरची कंपनीची काच उतरवून पुढं करताच हेल्मेटवाल्यानं हात जोडले. "काका, फिल्म निघालीय. आता परत नाही."

"परत कोण देतंय? तुमच्या त्या फरशीकडे बघा यातून."

हेल्मेटवाल्यानं बघितलं. फरशीची सरळ रेघ डाव्या टोकाला फुगली. त्यानं भुवया वर केल्या, तशीच दुसरी एक काच शोकेसमधल्या हेल्मेटवरून काढली आणि तिच्यातून बघितलं. तिथंही अजगर. आणखी एक काढली. त्याच जागी, तेवढाच.

"सगळ्यांना?" तो पुटपुटला.

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ही चूक नाही, ही घडण आहे! साच्यात पातळ प्लॅस्टिक ओततात ना, ते इथून आत शिरत असणार. म्हणून इथंच लहर उमटते. आणि त्यांनी मुद्दाम कडेला ठेवलीय, डोळ्यासमोर येऊ नये म्हणून. बाहेरची प्लॅस्टिकच्या सपाट पत्र्यातून कापून वाकवलेली असेल, म्हणून तिला लहर नाही. पण वाकवताना माप चुकलं."

"मला काय माहीत," हेल्मेटवाला म्हणाला, "मी तर नुसत्या विकतो." पण त्यानं काच खाली ठेवली नव्हती. तो आता रस्त्यापलीकडच्या शटरच्या पट्ट्या बघत होता.

तेवढ्यात काउंटरशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक, हातात दोन काचा धरून, म्हणालं, "काका, माझ्या पण बघा ना. कुठली घेऊ?"

"आधी हेल्मेट दाखवा," बाबा म्हणाले. "नुसती काच बघून काही कळत नाही."

धाकटीनं आपली काच हेल्मेटला परत बसवली. तिला उशीर होत होता. दवाखान्यांमधून फोन यायला लागले होते. "बाबा, मी निघते. तुम्ही बसनं जाल ना?"

बाबांनी मान न वळवता हात हलवला. ते हेल्मेटच्या कडेवरून बोट फिरवत होते, आणि हेल्मेटवाला त्यांच्यासाठी स्टूल शोधत होता.