मिरच्यांच्या वाफ्यातली मेख

मित्रांनो, तंबूत शिरताना जिला तुमचा पाय अडखळतो आणि मागे वळून जिच्यावर तुम्ही डोळे वटारता, ती मी. मी एक जुनी लोखंडी मेख आहे. वय तिशीच्या पुढे. उंची दोन हात होती. आता कमरेतून वाकले आहे, त्यामुळे ती कुठून कुठे मोजायची हा प्रश्नच आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका ट्रकच्या ॲक्सलमध्ये होते. ट्रक भंगारात गेला, ॲक्सलचे तुकडे झाले, आणि लोहाराने माझं एक टोक तापवून तासलं, दुसऱ्यावर घण घालून मला डोकं दिलं. तेव्हापासून घण माझ्या डोक्यावरून उतरलाच नाही म्हणा ना. खांबांचे मोठे तंबू भाड्याने देणाऱ्या एका माणसाने आम्हा चाळीस जणींना एका गोणीत घालून नेलं. पुढे त्याची कंबर धरली आणि धंदा त्याच्या बायकोने हातात घेतला. कामगार तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

आमचं काम सोपं आहे. मधले उंच खांब कापड वर उचलतात, कडेचे खांब ते पसरतात, आणि कापडाला बांधलेले दोर बाहेर येऊन आम्हाला धरतात. कौतुक खांबांचं होतं. त्यांना फुलांच्या माळा गुंडाळतात, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. आमच्या डोक्याला फार तर लाल चिंधी बांधतात, तीही कोणी पडू नये म्हणून. मला कोणी बकरी बांधली आहे, कोणी ओले टॉवेल वाळत घातले आहेत, आणि एका पाहुण्याने तर गाडी लावायला अडचण होते म्हणून मला उपटायला घेतलं होतं. वहिनी तेव्हा अशा काही धावल्या की तो पाहुणा न जेवताच निघून गेला.

माझ्यावर मात्र वहिनींचा विशेष जीव. नवीन जागा बघायला जाताना टेपबरोबर त्या मलाही पिशवीत घालत. जमीन कशी आहे ते त्या डोळ्यांनी बघत नसत. मला चार घाव घालून बघत. मी भसकन आत गेले तर म्हणायच्या, "भुसभुशीत आहे, मेखा दुप्पट लागतील." ठणकन वाजले तर विचारायच्या, "खाली पाइप आहे का हो?" त्यामुळे तंबू ठरवताना लोक कसे बोलतात ते मी जन्मभर ऐकलं. सगळ्यांना मोठा तंबू हवा असतो, मधला खांब नको असतो, आणि बाहेर मेखा दिसलेल्या कोणालाच चालत नाहीत.

आता जे सांगते ते माझ्या शेवटच्या कामाचं.

गावात एक म्हातारी सुईण होती. चाळीस वर्षं तिने घरोघरी बाळंतपणं केली. सगळे तिला सिस्टर म्हणत, तिचे स्वतःचे मुलगेसुद्धा कौतुकात आले की सिस्टरच म्हणत. तिला नव्वद पूर्ण होणार होती. तिच्या हातून जन्मलेले अडीचशे लोक यायचे होते. थोरला मुलगा म्हणाला, आपण हॉल घेऊ. म्हातारी म्हणाली, "मला या घरातून उचलून न्यायचं ते एकदाच न्या. दोनदा कशाला त्रास घेता?" झालं. तंबू घराच्या अंगणातच ठरला.

अंगण मोठं होतं, कारण तिथे पूर्वी तिच्या नवऱ्याची लाकडाची वखार होती. तो गेल्यावर दोन्ही मुलांनी अंगण वाटून घेतलं आणि मधे कमरेइतकी भिंत घातली. भिंत हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून जे बिनसलं ते नऊ वर्षं तसंच. म्हातारी थोरल्याकडे राहायची. थोरला दुकानावर गेला की धाकटा आईशी बसून जायचा. तो परत येण्याच्या आत भिंतीपलीकडे.

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा थोरल्याने आधीच माप घेऊन ठेवलं होतं आणि तो खुशीत होता.

"तंबू बारा मीटर रुंद, अंगण चौदा. दोन मीटर उरतात वर. तिथे मी भांडी ठेवीन."

"भांडी ठेवा हो," वहिनी म्हणाल्या, "पण दोर कुठं ठेवू? दोराला दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर लागतात. घराच्या बाजूचे बसले. या बाजूचे भिंतीवरून पलीकडे जाणार."

"पलीकडे नाही जायचं."

"मग लहान तंबू घ्या. निम्मे लोक उन्हात बसतील."

"मेखांऐवजी वजनं ठेवा की! शहरात ठेवतात."

"एकेका दोराला पाऊण टनाचा ठोकळा लागतो. तो आणणारा ट्रक तुमच्या गल्लीत शिरत नाही. शिरला तर निघत नाही."

थोरल्याने भिंतीकडे पाठ केली. मग म्हणाला, "त्याच्या दारात मी जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

वहिनी मला काखेत घेऊन पलीकडे गेल्या. धाकटा मिरच्यांच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. साठीला टेकलेला माणूस, पण झाडांशी बोलताना पकडला गेला म्हणून लाजला. वहिनींनी सगळं सांगितलं.

"वा! तंबू त्याचा आणि मेखा माझ्या मिरच्यांत?"

"तंबू माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "आई कोणाची ते तुम्ही ठरवा."

त्याने बराच वेळ गवत उपटलं. नव्हतं तेही उपटलं.

"मला बोलावणं आलेलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"ते माझ्या धंद्यात बसत नाही. मेखांचं बोला."

"ठोका. पण मेखा माझ्या जागेत, तर बघणार मी. तिकडच्या कोणी इकडे पाय ठेवायचा नाही."

वहिनींनी मला त्याच्या वाफ्याच्या कडेला ठोकून पाहिलं. जमीन कोरडी, घट्ट. त्यांनी त्याला बजावलं, "आता दोन दिवस इथे पाण्याचा थेंब नाही. ऐकताय ना?" तो हो म्हणाला.

तंबू आदल्या दिवशी उभा राहिला. आम्ही नऊ जणी भिंतीपलीकडे एका रांगेत, मी बरोबर मधली. त्या दिवशी ऊन असं होतं की आमची डोकी चटके देत होती. मिरच्यांनी संध्याकाळपर्यंत माना टाकल्या. धाकटा दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्यांदा सकाळी उजाडताना आला आणि नळी सोडली. थोडंच पाणी देणार होता. मग आतून चहाची हाक आली, आणि नळी तशीच राहिली.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर ओरडले असते.

दुपारी पाहुणे बसले. भाषणं चालू होती, हसणं ऐकू येत होतं. चारच्या सुमारास वारा सुटला. तंबूचं कापड एकदा फुगलं, एकदा बसलं, आणि दुसऱ्यांदा फुगलं तेव्हा मी सरकले. तीस वर्षांत मी कधी सरकले नव्हते. पायाखालची माती लोण्यासारखी झाली होती. दोर खेचत होता, मी वाकत होते, आणि माझ्या दोन्ही बाजूच्या बहिणींवर माझा भार पडत होता.

आधी धाकट्याला कळलं. तो पायरीवरून उठून धावत आला आणि त्याने दोर धरला. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "या बाजूच्या सगळ्यांनी उठून घराकडे जा! मुकादम, घण आणि दोन लांब मेखा घेऊन इकडे! पाच मिनिटांत दोर बसला नाही तर मी पूर्ण तंबू रिकामा करणार, आणि मग कार्यक्रम संपला."

थोरला भिंतीशी आला. त्याने चिखल पाहिला, नळी पाहिली.

"मुद्दाम पाणी सोडलंस!"

नऊ वर्षांनी भावाशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

"मिरच्या माना टाकत होत्या रे," धाकटा म्हणाला. त्याच्या तळहातातून दोर सरकत होता आणि दोराला लाल लागत होतं. "मुद्दाम सोडलं असतं तर इथे धरून कशाला उभा राहिलो असतो?"

थोरल्याने ते लाल पाहिलं असावं. तो नव्या शर्टानिशी भिंत ओलांडून चिखलात उतरला आणि धाकट्याच्या मागे दोराला लागला.

"ओढ जरा!"

"ओढतोच आहे. लहानपणापासून मीच ओढतोय, तू मागे नुसता ओरडतोस."

"तू पाय चुकीचा रोवतोस. तेव्हाही असाच रोवायचास."

"मग तू ये पुढे!"

"जागा दे, येतो!"

कामगारांचा मुकादम आला. त्याने माझ्या मागे चार हात, कोरड्या जमिनीत, एकामागे एक दोन नव्या लांब मेखा ठोकल्या. वहिनींनी स्वतः दोर गुंडाळून गाठ मारली. "सोडा आता," त्या म्हणाल्या. दोघांनी सोडला नाही. "अहो सोडा, बसलाय तो." तेव्हा सुटला.

वारा आणखी थोडा वेळ चालला आणि थकून गेला. तंबू उभा राहिला. घराकडे गेलेले लोक परत आपापल्या खुर्च्या शोधू लागले.

दोघे भाऊ चिखलात उभे होते, धापा टाकत. थोरला म्हणाला, "आत चल."

"अंगभर चिखल आहे."

"मग हात धू. नळ चालूच ठेवलायस."

धाकट्याने हात धुतले, जळजळलं म्हणून कण्हला. मग भिंतीवर चढला आणि वर जाऊन अडकला, गुडघे दुखरे. थोरल्याने त्याला खालून ढकललं, "वाढलायस किती!" म्हणत. दोघे गेले. मला आतलं दिसत नव्हतं, पण कोणीतरी माइक म्हातारीसमोर धरलेलाच होता, त्यामुळे तिचा आवाज साऱ्या अंगणाला ऐकू आला.

"दोघं एकदम? अरे, गेलं कोण?"

मग अडीचशे माणसं हसली, आणि त्या हसण्यात एक जण रडत होता. कोणता, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मला उपटलं तेव्हा मुकादम हळहळला. आता मी गोदामात एका कोपऱ्यात पडलेली असते. माझ्या जागी नव्या लांब मेखा आल्या आहेत. गंज चढतो आहे. खरं सांगायचं तर याचं मला फार वाईट वाटत नाही. डोकं अजून दुखतं, आणि इतक्या वर्षांच्या घावांनंतर ते दुखायचंच.

पण एक विनंती आहे, मित्रांनो. तुम्ही कधी तंबू ठरवाल. तेव्हा कापडाच्या मापावर जाऊ नका. दोर कुठे जाणार, मेख कोणाच्या जमिनीत बसणार, ती जमीन ओली की कोरडी, हे आधी विचारा. विचारायला भिंतीपलीकडे जावं लागलं तर चार दिवस आधी जा, आणि स्वतः जा.

आणि गोदामात येणारे नवे लोक मला उचलून म्हणतात, "ठोकून सरळ करू, चालेल अजून." त्यांना कोणीतरी सांगा. वाकलेली मेख सरळ केली की दिसायला ठीक दिसते, पण पुढच्या वाऱ्यात त्याच जागी मोडते. आणि त्या वेळी दोराच्या दुसऱ्या टोकाला माणसं बसलेली असतात. मला असंच पडून राहू द्या.